गिऱ्हाईक चित्राबाहेर

तोक्योच्या यानाका भागात दाइएन्जी नावाचं एक लहान मंदिर आहे. चहा देणाऱ्या एका मुलीची आठवण म्हणून तिथे शिळा उभारली आहे असं कळलं आणि मी बाकीचं सगळं बाजूला ठेवून तिकडे गेले. शिळा १९१९ सालची. मुलीचं नाव ओसेन. तिची चित्रं काढणाऱ्या सुझुकी हारुनोबूचीही शिळा याच आवारात आहे, हे मला फार आवडलं.

१७६०च्या दशकात ओसेन कासामोरी इनारीच्या देवळाजवळ कागिया नावाच्या दुकानात चहा द्यायची. त्वचेचे रोग बरे व्हावेत म्हणून लोक तिथे मातीचे गोळे वाहत आणि गुण आला की तांदळाचे. हारुनोबूच्या चित्रांत तिच्याजवळ देवळाची तोरी कमान दिसते आणि हातात चहाचं तबक. एवढं पाहिलं की एदोतल्या, म्हणजे जुन्या तोक्योतल्या, माणसाला नाव वाचावंच लागत नसे.

पण मला खरं खिळवलं ते तोक्योतल्याच उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात छापचित्रकार उतामारोच्या ओकिताने. चित्र १७९३च्या सुमाराचं. मागे अभ्रकाची चमक, समोर नानिवाया या चहाच्या दुकानातली ही मुलगी; हातांत छोट्या बैठकीवर ठेवलेला बिनकानाचा कप. मी बराच वेळ त्या कपाकडेच पाहत होते. चित्रात गिऱ्हाईक कुठेच नाही. म्हणजे चहा आणलाय तो पाहणाऱ्यासाठी! योशिवारा या गणिकांच्या वस्तीतल्या नामांकित गणिकेला भेटायला थैली रिकामी करावी लागे. ओकिता मात्र चहाच्या किमतीत कुणालाही दिसायची. तो कप तिचा धंदा सांगतो, आणि हेही सांगतो की एका कामकरी मुलीचा चेहरा छापण्याजोगा ठरला होता.

सरकारला हे रुचलं नाही. १७९३ मध्ये गणिका सोडून इतर स्त्रियांची नावं चित्रांवर छापायला बंदी आली. उतामारोने मग नावाचं चित्रकोडं केलं: पालेभाजीच्या दोन जुड्या, बाण, समुद्र आणि भातशेत. जपानीत ओळीने म्हटलं की ‘नानिवाया ओकिता’! १७९६ मध्ये अशा कोड्यांवरही बंदी घातली गेली.

तोक्योतल्या असाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात सगळे कामिनारीमोन या दरवाजाच्या मोठ्या कंदिलाखालून आत शिरतात. तुम्ही पूर्वेच्या निटेनमोनमधूनही जा. ओकिताचं दुकान त्याच दरवाजाजवळ होतं.