तीन डॉलरची रेषा कशी वाचायची

जून २०२५मध्ये जागतिक बँकेने टोकाच्या दारिद्र्याची रेषा दिवसाला माणशी २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली. असा आकडा वाचला की बहुतेक जण एकच गुणाकार करतात: डॉलरचा आजचा भाव गुणिले तीन, म्हणजे अडीचशे रुपयांच्या वर. मग विचारतात, चौघांच्या घरात रोज हजार रुपये खर्च होत असतील तर ते कुटुंब अतिगरीब कसं? प्रश्न रास्त आहे, गुणाकार चुकलाय.

हे डॉलर बँकेत बदलून मिळणारे नव्हेत. अमेरिकेत एका डॉलरला जेवढा माल येतो तेवढाच भारतात घ्यायला किती रुपये लागतात, त्यावरून हा दर काढतात. २०२१च्या किमतींना तो साधारण २० ते २१ रुपये पडतो. म्हणजे तीन डॉलर म्हणजे माणशी दिवसाला साठ-बासष्ट रुपये, आणि पाच जणांच्या घराला महिन्याकाठी नऊ हजारांच्या आसपास. नंतरची महागाई वर धरायची. त्यात धान्य, तेल, भाजी, गॅस, खोलीभाडं, पीएमपी बसचं तिकीट, दवाखाना, वह्या असं सगळं आलं. पुण्यात नऊ हजारांतून खोलीभाडं वजा करून पाहा, म्हणजे ही रेषा किती खाली आहे ते कळेल.

शिवाय हा आकडा कमाईचा नाही, खर्चाचा आहे. घरच्या शेतातली ज्वारी खाल्ली तर तिचीही किंमत लावून ती खर्चात धरतात. केंद्र सरकारच्या २०२२-२३च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात तर फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत न धरता एक आणि धरून एक, असे दोन आकडे दिले आहेत. कोणी नुसता ‘दरडोई खर्च’ सांगितला तर यातला कुठला, ते आधी विचारावं.

खर्च कसा विचारला यावरही गरिबी कमी-जास्त होते. जुन्या पद्धतीत सगळं ‘गेल्या ३० दिवसांत’ असं विचारायचे. महिन्याभरात किती मेथी-कोथिंबीर आणली हे कुणाच्या लक्षात राहतं? आता भाजी, फळं, अंडी, मासे-मटण, तेल, मसाले यांचा ७ दिवसांचा हिशेब घेतात आणि कपडे, शिक्षण, टिकाऊ वस्तू यांचा ३६५ दिवसांचा. त्यामुळे खर्च जास्त नोंदला जातो आणि गरिबांचं प्रमाण कमी दिसतं. दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवताना पद्धत एकच आहे ना, हे न पाहता काढलेली टक्केवारी मी तरी ग्राह्य धरत नाही. जागतिक बँकेच्या हिशेबाने २०२२-२३मध्ये तीन डॉलरच्या रेषेखाली भारतातले ५.३ टक्के लोक होते.

दारिद्र्यरेषेच्या या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे. इथल्या गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ साली रोजच्या २,२५० कॅलरींचा हिशेब मांडला: १९६०-६१च्या किमतींना ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. मला त्यांच्या कामातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. किती माणसांना किती कमी पडतंय हे मोजून त्यांनी सार्वजनिक कामांतून रोजगार द्यायची शिफारस केली. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना सुरू केली, १९७७मध्ये तिचा कायदा केला.

संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक उद्दिष्टांचं महत्त्वही मला इथेच दिसतं. १९९०च्या तुलनेत टोकाच्या गरिबांचं प्रमाण २०१५पर्यंत निम्मं करायचं, असं २००० साली ठरलं आणि ते २०१०लाच साधलं. त्यात सर्वांत मोठा वाटा चीनचा. २०१५मध्ये १७ शाश्वत विकास उद्दिष्टं आली. त्यांतलं पहिलंच २०३०पर्यंत टोकाचं दारिद्र्य संपवण्याचं. आज ऐंशी कोटींच्या आसपास माणसं रेषेखाली आहेत, बहुसंख्य सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत, आणि २०३०ची मुदत पाळली जाईल असं दिसत नाही. पण आकडा आणि मुदत लिहून दिली की सरकारला मोजणी करावी लागते, आणि मोजणी झाली की जाब विचारता येतो.

याच पहिल्या उद्दिष्टात देशाच्या स्वतःच्या व्याख्येनुसार, सर्व अंगांनी असलेली गरिबी निम्मी करायचंही कलम आहे. नीती आयोग त्यासाठी १२ निकष वापरतो. प्रत्येक निकषातल्या उणिवेला ठरावीक गुण असतात आणि त्यांची बेरीज एक तृतीयांश भरली की घर गरीब ठरतं. बांधकामाच्या साइटवर पत्र्याच्या शेडमध्ये राहणारं कुटुंब घ्या. घरात कुणाचीच सहा वर्षांची शाळा झालेली नाही: एक षष्ठांश. शाळेच्या वयाचं मूल शाळेत जात नाही: आणखी एक षष्ठांश. एवढ्यावरच ते घर गरीब. मजुरीतून होणारा माणशी खर्च तीन डॉलरच्या वर गेला तरीही. अडचण अशी की दर काही महिन्यांनी साइट बदलणारी ही घरं सर्वेक्षणाच्या यादीत सहज सापडत नाहीत.

त्यांच्यासाठी लगेच करता येण्यासारखं काम रेशनचं आहे. गावचं कार्ड अन्नसुरक्षा यादीतलं असेल तर पुण्यातल्या दुकानातही धान्य मिळतं. माणशी ५ किलोंपैकी काही इथे आणि उरलेलं गावी राहिलेल्यांना तिकडे, असंही घेता येतं. अडतं ते आधारशी: धान्य घ्यायला जाणाऱ्याचा आधार कार्डाशी जोडलेला हवा, आणि सिमेंट कालवून झिजलेल्या बोटांचा ठसा मशीन बऱ्याचदा घेत नाही. म्हणून कार्डावरच्या निदान दोघांची नोंदणी पक्की करून घ्यावी. कार्डच नसेल तर गाठ पडते कोट्याशी: देशभरातली ८१.३५ कोटींची मर्यादा अजून २०११च्या जनगणनेवर बेतलेली आहे, आणि त्यानंतर जन्मलेली मुलं त्या हिशेबात नाहीत.