रात्रभर धुमसणारा ओंडका

माणसाला धाप लागली की आपला हात आधी खिडकीकडे जातो. मिरजेला नर्सिंग करताना हे कुणी शिकवलं नव्हतं, ते घरातूनच आलेलं: “वारा येऊ द्या जरा.” मागच्या जुलैत मीही तेच केलं. खिडकीची कडी काढली, काच वर सरकवली, आणि बाहेरून वाऱ्याऐवजी धूर आत आला.

मी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात, लॉन्सेस्टनला कम्युनिटी नर्स आहे. घरोघरी जाऊन पेशंट बघायचे, हे काम. जुलै म्हणजे इथे ऐन थंडी. नॉर्थ एस्क आणि साउथ एस्क या दोन नद्या इथे मिळतात आणि पुढे टेमर होऊन समुद्राकडे जातात. भोवती डोंगर, मधे शहर. निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री डोंगरावरची गार हवा उतरून खाली साचते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. मग त्या झाकणाखाली जे काही सोडाल ते सकाळी ऊन वर येईपर्यंत तिथेच राहतं.

हे आजोबा नदीकाठच्या सखल भागात राहतात. (इथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, मीही मारते, पण मनात ते आजोबाच.) वय ऐंशीच्या पुढे, सीओपीडी म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट, धाप लावणारा आजार, सिगारेट सोडून वीस वर्षं झालेली. थंडी सुरू झाल्यापासून त्यांची तब्येत सारखी बिघडत होती. दोनदा स्टेरॉइडचा कोर्स झाला. श्वासाने ओढायच्या औषधाचा पंप बरोबर घेतात का, हे मी तीन वेळा समोर बसून बघितलं होतं. बरोबर घेत होते. त्रास पहाटे होतो, एवढंच ते सांगायचे. मी ते वहीत लिहून घ्यायचे आणि पुढच्या घरी जायचे.

त्या दिवशी साडेसातला पोचले तर दार नुसतं लोटलेलं. आजोबा खुर्चीत पुढे वाकून, कोपर गुडघ्यांवर टेकवून बसलेले. ओठ जांभळट. एका दमात दोन शब्दांपलीकडे बोलता येईना. बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर लावला, 83 टक्के, फारच कमी. पेशंट आणि पत्ता सांगून 000 ला, म्हणजे इथल्या आपत्कालीन नंबरला, फोन केला, पंपाला स्पेसरची नळी लावून श्वासनलिका मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल दिलं आणि खिडकी उघडली.

खोलीत लाकूड जळण्याचा वास होताच. पण बाहेरचा वास जास्त उग्र होता, घशाला लागणारा. समोरच्या घरांची छपरं दिसत होती, त्यांच्या धुराड्यांतून करडा धूर निघत होता, पण तो वर चढत नव्हता. हातभर वर जाऊन वाकत होता आणि छपरावरून घरंगळत रस्त्यावर येत होता. मी खिडकी लावली. लगेच दुसरी भीती: खोलीत कार्बन मोनॉक्साइड, हा जळणातून सुटणारा विषारी वायू, असला तर? ऑक्सिमीटरला तो कळत नाही, त्या वायूने भरलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलंच वाटतं. म्हणजे खिडकी उघडी ठेवावी तर धूर, बंद ठेवावी तर ही शंका. शेवटी मागच्या अंगणाकडचं दार उघडलं, तिथे वास थोडा कमी होता, आणि आजोबांची खुर्ची तशीच ओढत तिकडे नेली. पॅरामेडिक आले तेव्हा त्यांच्या बॅगेला लटकवलेल्या मीटरने मोनॉक्साइड दाखवला नाही. त्यांनी मोजून मापून ऑक्सिजन सुरू केला, 88 ते 92 च्या मधे राहील इतकाच, कारण अशा पेशंटला जास्त ऑक्सिजनही सोसत नाही.

स्ट्रेचरवरून जाताना आजोबांनी मला बोटाने वुडहीटर, म्हणजे खोली गरम करणारी लाकडाची शेगडी, दाखवला. मला वाटलं, बंद कर म्हणतायत. त्यांना म्हणायचं होतं, “विझू देऊ नकोस.”

अॅम्ब्युलन्स गेल्यावर मी त्या हीटरसमोर उकिडवी बसले. लोखंडी पेटी, पुढे काचेचं दार, खाली हवेची दांडी. दांडी पार डावीकडे, म्हणजे हवा जवळजवळ बंद. काच डांबर फासल्यासारखी काळी. आत काही दिसेना. नखाने काचेचा कोपरा खरवडला, तर आत मांडीएवढा ओंडका, ज्योत अजिबात नाही, एका कडेला लाल रेघ, बाकी सगळा नुसता धुमसतोय. इतक्या वेळा त्या खोलीत बसून चहा प्याले होते, आणि ती काच मी एकदाही बघितली नव्हती. याचं मला आजही वाईट वाटतं.

चार दिवसांनी वॉर्डात भेटायला गेले तेव्हा आजोबांनी सगळं सांगितलं. रात्री दहाला सगळ्यांत मोठा ओंडका आत घालायचा आणि हवा बंद करायची. पहाटे चारला जाग आली की दार उघडून आणखी एक टाकायचा. दार उघडलं की धुराचा एक लोट तोंडावर येतो, “तो काय, यायचाच.” सकाळी घर उबदार आणि काडी ओढायची गरज नाही. बायको होती तेव्हापासूनची ही पद्धत. थंडीच्या दिवसांत तिने विस्तव कधी विझू दिला नाही, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला. त्यांच्या पहाटेच्या धापेचं उत्तर त्या चारच्या ओंडक्यात आणि गल्लीतल्या तशाच बाकी ओंडक्यांत होतं. पण मी त्यांना काय तोंडाने सांगणार होते? विस्तव राखणं म्हणजे काय, हे मी पाटण तालुक्यातल्या आमच्या घरात बघितलेलं आहे. रात्रीची भाकरी झाली की आजी चुलीतले निखारे गोळा करायची, त्यावर राख ओढायची आणि हाताने थापटायची. सकाळी राख बाजूला केली की खाली लाल डोळे. शेणीचा तुकडा आणि फुंकणी, झालं काम.

दिसायला दोन्ही एकच, पण आत फार फरक आहे. निखाऱ्यातला धूर होण्यासारखा सगळा भाग आधीच जळून गेलेला असतो, उरतो तो कोळसा. न जळलेलं लाकूड तापलं की त्यातून आधी वायू सुटतात आणि ज्योत म्हणजे ते वायू जळणं. हवा तोडली की ज्योत जाते, वायू मात्र सुटतच राहतात, आणि न जळलेले तसेच धूर होऊन धुराड्यातून बाहेर पडतात. निखारा निरुपद्रवी असतो असंही नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणाऱ्यांचे जीव त्याच्याच मोनॉक्साइडने जातात. पण गल्ली धुराने भरते ती दांडी डावीकडे सरकवलेल्या ओंडक्याने.

आजोबा घरी यायच्या आधी त्यांच्या मुलीने धुराडं साफ करणारा माणूस बोलावला. मी मुद्दाम ती वेळ साधून गेले. त्याने छपरावरून ब्रश खाली सोडला आणि पेटीत खडखड करत पापुद्रे पडायला लागले, काळे, काचेसारखे चकचकीत. बादली भरली. तो म्हणाला, हेच साठलेलं एखाद्या रात्री पेटतं आणि धुराडंच भडकतं. मग त्याने आजोबांच्या ढिगातला एक ओंडका कुऱ्हाडीने फोडला आणि आतल्या ताज्या बाजूला ओल मोजणाऱ्या मीटरच्या दोन सुया टोचल्या. 31 टक्के. वीसच्या खाली हवं. आजोबांनी मे महिन्यात लाकूड विकत घेतलं ते ओलंच. तेही रात्रभर धुमसलेलं.

या शहराला हे काही नवीन नाही. 2001 साली इथे वुडहीटर बदलून विजेचे हीटर घ्यायला अनुदान दिलं गेलं. लाकडावर ऊब घेणारी घरं 66 टक्के होती, ती 30 टक्क्यांवर आली. हिवाळ्यातल्या हवेतल्या पीएम 10, म्हणजे श्वासातून आत जाणाऱ्या बारीक कणांची सरासरी घनमीटरमागे 44 मायक्रोग्रॅमवरून 27 वर उतरली. संशोधक फे जॉन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या आणि नंतरच्या साडेसहा-साडेसहा वर्षांतले मृत्यू तपासले आणि 2013 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं: पुरुषांमधलं एकूण मृत्यूंचं प्रमाण 11.4 टक्के कमी झालं होतं. टास्मानियाची राजधानी होबार्टमध्ये अशी मोहीम नव्हती, तिथे तसा फरक दिसला नाही. मी हा पेपर नोकरीला लागल्यावर वाचला होता, दुसऱ्यांना सांगितलाही होता. त्या 11.4 मध्ये माझ्या समोर खुर्चीत बसलेला माणूस मला दिसला नाही.

आजोबांनी वुडहीटर काढला नाही. मी तसा आग्रहही धरला नाही. मुलीने झोपायच्या खोलीत हीट पंप, म्हणजे विजेवर खोली गरम करणारं यंत्र, बसवून दिला. ठरलं ते एवढंच की रात्री विस्तव विझू द्यायचा. ऐकताना ते बराच वेळ हाताकडे बघत बसले. मग त्यांनी विचारलं, “तुझी आजी काय करायची, परत सांग.” मी राखेचं सांगितलं, हाताने थापटून दाखवलं. ते म्हणाले, त्यांची आईसुद्धा तसंच करायची.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी गेले तर काच स्वच्छ, आत गार राख. आजोबा जाकीट घालून बारीक काटक्या रचत होते. पेटवल्यावर दांडी पूर्ण उजवीकडे केली आणि स्वयंपाकघरातला टायमर वीस मिनिटांवर लावला. तोवर हवा कमी करायची नाही, हे धुराडंवाल्याने बजावलेलं. मी बोटाला ऑक्सिमीटर लावला, 91. अंगणात जाऊन आमच्या धुराड्याकडे बघितलं. धूर नव्हता, फक्त वरची हवा थरथरत होती. शेजारच्या घराच्या छपरावरून मात्र करडा पट्टा घरंगळत आमच्याच कुंपणाकडे येत होता.

आत येऊन सांगितलं. म्हटलं, जाता जाता त्यांच्याशी बोलू का?

“तू नको, पोरी,” आजोबा म्हणाले. “तिचाही नवरा गेलाय. मी जातो.” आणि टायमर वाजायची वाट बघत बसले.