अर्ध्या तासाची तहकूब सभा

आमच्या दफनभूमी व्यवस्था मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना दर वर्षी त्याच मजकुराची निघे आणि तिच्या शेवटी, 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही,' अशी ओळ छापलेली असे. ही ओळ बहुतेक संस्थांच्या सूचनेत असते आणि बहुतेक सभासद ती वाचण्याच्या फंदात पडत नाहीत. आमचे सभासद मात्र तेवढी एकच ओळ ध्यानात ठेवून येत, कारण ज्याला आम्ही 'मेळावा' म्हणत असू तो त्या अर्ध्या तासातच पार पडे. त्याच्या आधी हजेरी आणि नंतर इतिवृत्त, जमाखर्च, लेखापरीक्षकांची नेमणूक. ते सगळे कामकाज झाले.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. आईने मला नेले ते आजोबांच्या कबरीसाठी पाण्याची बादली उचलायला, एवढ्याच हेतूने. फाटकाशी झाडाखाली टेबल मांडलेले होते, त्यावर हजेरीपुस्तक, वाऱ्याने पाने उडू नयेत म्हणून ठेवलेला दगड आणि कागदाच्या चिठ्ठ्यांनी भरलेला एक पत्र्याचा डबा. टेबलामागे मंडळाचे कार्यवाह बसले होते. ते निवृत्त शिक्षक असल्यामुळे सभासदांपासून खड्डे खणणाऱ्या कामगारांपर्यंत सगळे त्यांना मास्तर म्हणत. ठरलेली वेळ झाली तसे मास्तरांनी डोकी मोजली, पुन्हा एकदा मोजली, आणि मधली सुट्टी जाहीर करावी अशा आवाजात म्हणाले, 'गणपूर्ती नाही. सभा अर्ध्या तासासाठी तहकूब.' लगेच लोकांनी बादल्या उचलल्या. सभा मोडल्याचा एवढा आनंद झालेली माणसे मी पुढेही कधी पाहिली नाहीत.

आपापल्या माणसांच्या कबरी झाडून, धुऊन झाल्या की पत्र्याचा डबा फिरे. मंडळाच्या मोठ्या नोंदवहीत प्रत्येक कबरीची ओळ, क्रमांक, नाव, दफनाची तारीख आणि शेवटचा रकाना 'संबंधित' अशी मांडणी होती. ज्या कबरींच्या संबंधितांकडून वर्षानुवर्षे कोणी फिरकलेले नव्हते, त्यांचे क्रमांक मास्तर चिठ्ठ्यांवर लिहून आणत. ज्याच्या हाती जी चिठ्ठी येईल त्याने त्या वर्षी त्या कबरीकडे पाहायचे. माझ्या चिठ्ठीवर 'ओळ ७, क्रमांक १२' असे होते. मी आईला विचारले, 'हे आपले कोण?' आई म्हणाली, 'कोणी नाही. जा, बादली भरून घे.'

ओळ ७, क्रमांक १२ ही गुडघ्याएवढ्या उंचीची संगमरवरी शिळा होती आणि तिच्यावर काही लिहिलेले असेल असे दिसत नव्हते. मी जोर लावून घासायला सुरुवात केली तोच मास्तरांनी माझा हात धरला. त्यांनी आधी शिळा भरपूर पाण्याने भिजवायला लावली आणि मग मऊ ब्रशने, खालून वर, हलक्या हाताने घासायला सांगितले. कोरड्या दगडावरून खाली मळकट ओघळ आले की ते डाग धरतात, म्हणून सुरुवात खालून करायची. दगडफुलाचे जे पापुद्रे निघत नव्हते ते त्यांनी बांबूच्या चपट्या काडीने अलगद उचलले आणि जे तरीही निघेनात ते तसेच राहू दिले. 'दगडफुलासोबत दगड निघून येत असेल तर दगडफूल बरे,' असे ते म्हणाले. पावसातल्या आम्लाने संगमरवराचा पृष्ठभाग हळूहळू विरघळतो आणि त्याचे साखरेसारखे कण सुटू लागतात. अशा शिळेवर बोट फिरवले तरी अक्षराची एखादी कड जाते.

शिळा स्वच्छ झाली तरी अक्षरे दिसेनात. तेव्हा मास्तरांनी पिशवीतून साधा दाढीचा आरसा काढला, उन्हाचा कवडसा शिळेच्या एका कडेने तिरपा सोडला, आणि इतका वेळ सपाट वाटणाऱ्या दगडावर एकेका अक्षराची सावली उभी राहिली. ते एका बाळाचे नाव होते आणि जन्म-मृत्यूच्या तारखांमध्ये नऊ दिवसांचे अंतर होते. मी नाव मोठ्याने वाचले. मास्तरांनी आरसा न हलवता मला ते पुन्हा वाचायला लावले आणि नोंदवहीतले अर्धवट पुसलेले स्पेलिंग तिथल्या तिथे दुरुस्त केले. अक्षरे उठून दिसावीत म्हणून काही लोक शिळेवर खडू, पीठ, इतकेच काय पण दाढीचा फेससुद्धा चोळतात. हे पदार्थ दगडाच्या छिद्रांत बसून त्याचे नुकसान करतात, आणि आरशाने जे फुकटात साधते त्यासाठी हा उपद्व्याप कशाला, हे मला आजही उमगलेले नाही.

अर्थात आम्ही सगळे शहाणपण शिकूनच आलो होतो असे नाही. एका वर्षी उत्साहाच्या भरात आम्ही तरुण मंडळींनी तडा गेलेल्या पाच-सहा शिळा सिमेंटने पक्क्या केल्या आणि सभेत टाळ्याही मिळवल्या. तीन पावसाळ्यांनंतर सिमेंट जसेच्या तसे होते, मात्र त्याच्या दोन्ही बाजूंचा दगड भुगा होऊन गळत होता. सिमेंट जुन्या मऊ दगडापेक्षा कठीण असते आणि ओलावा बाहेर पडू देत नाही. तो ओलावा आणि त्यातले क्षार मग दगडालाच फोडून वाट काढतात. चुन्याचा गिलावा दगडापेक्षा मऊ असल्यामुळे झीज स्वतःवर घेतो आणि काही वर्षांनी नवा भरता येतो. आमच्या अपराधाचे वर्णन मास्तरांनी इतिवृत्तात 'सदर दुरुस्तीचा फेरविचार व्हावा' असे केले. त्या पाच-सहा शिळांपुढून जाताना मी अजूनही चाल वाढवतो.

मेळाव्यात मुलांसाठी म्हणून वेगळा कार्यक्रम कधी नव्हता, पण एका वर्षी मास्तरांनी जो खेळ लावला तो पुढे कायमचा होऊन बसला. पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या कबरींची व्यवस्था पाहण्यासाठी १९१७ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात एक आयोग स्थापन झाला आणि आज राष्ट्रकुल युद्धकबरी आयोग या नावाने तो दोन्ही महायुद्धांतील सुमारे १७ लाख मृतांची स्मृती दीडशेहून अधिक देशांत सांभाळतो, ही माहिती त्यांनी आम्हांला सांगितली. अधिकारी असो वा साधा शिपाई, शिळा सगळ्यांना एकाच मापाची मिळणार होती. तिच्या तळाशी कुटुंबीयांना आपल्या मनचा मजकूर घालण्याची मुभा होती आणि त्याची मर्यादा होती ६६ अक्षरांची, शब्दांमधील मोकळ्या जागाही त्यातच धरून. त्यासाठी सुरुवातीला अक्षरामागे पैसे आकारले जात. ज्याला परवडेल त्याची शिळा बोलणार आणि ज्याला परवडणार नाही त्याची मुकी राहणार, हे समानतेत बसत नाही म्हणून न्यूझीलंडने आपल्या सैनिकांसाठी असा मजकूर मुळी नाकारलाच.

हे सांगून झाल्यावर मास्तरांनी आम्हां मुलांना कागद दिले आणि आपापल्या माणसासाठी ६६ अक्षरांत मजकूर लिहायला सांगितला. पहिली दहा मिनिटे जोडाक्षर एक धरायचे की दोन, आणि काना-मात्रा मोजायच्या की नाही, यावरच्या भांडणात गेली. त्यात मोठ्या माणसांनीही हिरिरीने भाग घेतला आणि एका वयोवृद्ध सभासदाने अनुस्वारावर इतके बोलून घेतले की तहकुबीचा अर्धा तास केव्हाच उलटून गेला. मी आजोबांसाठी लिहिलेल्या मजकुरात त्यांचा प्रामाणिकपणा, कष्टाळूपणा वगैरे सगळे बसवले होते. माझ्या आईने, जिला कोणी लिहायला सांगितले नव्हते, कागदाच्या कोपऱ्यात लिहिले: 'रात्री उशीर झाला तर फाटकापाशी उभे असायचे.' मास्तरांनी ते मोजले आणि 'अजून जागा उरते आहे,' असे म्हणाले. आई म्हणाली, 'राहू दे.'

जमाखर्चाचा विषय मुलांना कंटाळवाणा वाटे आणि मलाही वाटला, पण आता वाटतो तो सर्वांत कुतूहलाचा. दफनभूमीचे अर्थकारण मुळातच विचित्र असते. जागा शिल्लक आहे तोवर प्रत्येक नव्या दफनाबरोबर उत्पन्न येते आणि जागा भरली की उत्पन्न थांबते, पण गवत वाढायचे थांबत नाही. लंडनच्या हायगेट दफनभूमीचे असेच झाले. १८३९ मध्ये एका कंपनीने मोठ्या दिमाखात सुरू केलेली, पुढे १८८३ मध्ये कार्ल मार्क्सचे दफन जिथे झाले ती ही जागा विसाव्या शतकात पैशाअभावी झाडाझुडपांनी वेढली गेली आणि १९७५ मध्ये तिच्यासाठी नागरिकांना मित्रमंडळ स्थापन करावे लागले. पुढच्याच वर्षी दक्षिण आशियातील जुन्या युरोपीय दफनभूमींसाठी ब्रिटनमध्ये एक संस्था निघाली, जिच्या नियतकालिकाचे नाव 'चौकीदार' आहे. हे नाव आमच्या सभेत वाचून दाखवले तेव्हा आमच्या रखवालदाराची छाती फुगली होती.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे कायम निधी: मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर देखभाल करायची. कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. प्रत्यक्षात मजुरी दर वर्षी वाढते, व्याज वाढेलच असे नाही, आणि पन्नास वर्षांपूर्वी 'कायमच्या देखभालीसाठी' म्हणून कृतज्ञतेने स्वीकारलेल्या रकमेत आज एका ओळीचे गवतही कापून होत नाही. आमचे खजिनदार दर वर्षी हेच गणित मांडत आणि दर वर्षी शेवटी म्हणत, 'निधी कायम आहे, देखभालीचे तुम्ही बघा.' लोक हसत, पण पुढच्या वर्षी बादली घेऊन येत.

कुंपणालगत एक ओळ अशी होती जिथे शिळाच नव्हत्या, नुसते उंचवटे होते, आणि नोंदवहीत त्यांच्यापुढे 'अनाम' लिहिलेले होते. मेळाव्याच्या दिवशी वर्षभरातील दफनांची नावे वाचून झाली की मास्तर ती ओळही वाचत: 'अनाम. अनाम. अनाम.' पहिल्या वर्षी मला हसू आले आणि आईने चिमटा काढला. काही सभासदांना हे वाचन निरर्थक वाटे आणि तसे ते सभेत बोलूनही दाखवत. मास्तरांचे म्हणणे असे, की वाचायचे सोडले तर दहा वर्षांत तिथे कोणी तरी वाहने लावू लागेल. कित्येक वर्षांनी, २०२१ मध्ये, त्याच युद्धकबरी आयोगाच्या विशेष समितीचा अहवाल आला. पहिल्या महायुद्धातील किमान ४५,००० मृतांची, त्यांत प्रामुख्याने भारतीय आणि आफ्रिकी सैनिकांची, स्मृती इतरांच्या बरोबरीने जपली गेली नव्हती आणि आणखी किमान १,१६,००० जणांची नावेच कुठे कोरलेली नव्हती, असे त्यात कबूल करून आयोगाने माफी मागितली. सर्वांना एकाच मापाची शिळा देणाऱ्या संस्थेची ही गत. तो अहवाल वाचताना मला त्या कुंपणालगतच्या ओळीचे वाचन ऐकू येत होते, आणि अक्षरांच्या खेळाच्या दिवशी आम्हांला न्यूझीलंडची गोष्ट सांगणारे मास्तर हे वाचायला असते तर काय म्हणाले असते, याचा मी बराच वेळ विचार केला.

एका वर्षी घोटाळा झाला. कधी नव्हे ती गणपूर्ती झाली. मास्तरांनी डोकी तीनदा मोजली आणि कसनुसा चेहरा करून जमलेल्यांकडे पाहिले. आता सभा वेळेवर सुरू करावी लागणार, अर्धा तास मिळणार नाही, डबा फिरणार नाही, हे लक्षात येऊन सगळे गप्प झाले. तेवढ्यात अनुस्वारावर बोलणारे वयोवृद्ध सभासद उठले, शेजारी बसलेल्या दोघांना दंडाला धरून उठवले, आणि 'आम्ही जरा फाटकापर्यंत जाऊन येतो,' असे म्हणून चालू लागले. मास्तरांनी गंभीरपणे पुन्हा मोजणी केली आणि सभा तहकूब केली. इतिवृत्तात याचा उल्लेख नाही.

मास्तर आता ओळ ११ मध्ये आहेत. त्यांच्या शिळेवर नाव आणि दोन तारखांपलीकडे काही नाही. ६६ अक्षरांची मुभा त्यांनी स्वतः वापरली नाही आणि आमच्यापैकी कोणाला त्यांच्या वतीने वापरण्याचे धाडस झाले नाही. टेबलामागे आता मी बसतो. हजेरीपुस्तक बदलले, नोंदवही संगणकावर चढली, प्रत्येक शिळेचे छायाचित्र काढून झाले, आणि ते काम करताना लक्षात आले की जुन्या वहीत 'संबंधित' या रकान्यात मास्तरांनी अनेक ठिकाणी शिसपेन्सिलीने त्या त्या वर्षी चिठ्ठी उचलणाऱ्याचे नाव लिहून ठेवले होते. ओळ ७, क्रमांक १२ पुढे माझे नाव आहे, आईच्या हाकेतले, घरगुती.

यंदाच्या मेळाव्याला पाऊस होऊन गेलेला होता आणि माणसे कमीच होती. मी सभा तहकूब केली. एका लहान मुलीने डब्यातून चिठ्ठी काढली, क्रमांक वाचला, आणि बराच वेळ शोधाशोध करून परत येऊन तक्रार केली की त्या शिळेवर काहीच लिहिलेले नाही. मी तिला बादली भरून घ्यायला सांगितले आणि आरसा घेऊन तिच्या मागोमाग निघालो. ढग दाटलेले होते. शिळा भिजवून, घासून झाली तरी ऊन येईना, म्हणून आम्ही दोघे ओल्या गवतात आरसा घेऊन बसून राहिलो. टेबलाजवळून कोणी तरी ओरडले, की अर्धा तास झाला. मी हात हलवून त्यांना थांबायला सांगितले.