काढून घेतलेला हात

आज लोणावळा लोकलमध्ये एक बाई अभंग म्हणत आली. कडेवर पेंगुळलेलं लेकरू, त्याच्याच पाठीवर थोपटत ताल धरलेला.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "देऊ नका हो, सवय लागते यांना." आणि मी पर्समध्ये घातलेला हात तसाच बाहेर काढला.

कासारवाडी गेलं, पिंपरी गेलं. ते वाक्य काही जाईना.

सिंधुताई सपकाळ अशाच रेल्वे स्टेशनांवर गाणी म्हणून पोट भरायच्या. नवऱ्यानं हाकललेलं, गोठ्यात बाळंतपण, नाळसुद्धा स्वतःच दगडानं तोडलेली. तरी जे मिळेल ते वाटून खाल्लं. मग एकेक अनाथ पोर पदराखाली घेतलं आणि शेकडो लेकरांच्या माई झाल्या.

पोटच्या मुलीला मात्र त्यांनी पुण्यात दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टकडे सांभाळायला दिलं. बाकीच्या पोरांत नि तिच्यात दुजाभाव होऊ नये म्हणून. मला हे आठवलं की गलबलून येतं. केवढं काळीज लागलं असेल!

४ जानेवारी २०२२ ला माई गेल्या, तेव्हा मीही स्टेटसला त्यांचा फोटो ठेवला होता.

ती बाई आकुर्डीला उतरली. लेकरू अजून झोपलेलंच होतं.

त्या काळी स्टेशनावर माईंच्या हातावर कुणी भाकर ठेवली असेल? आणि कुणी हात काढून घेतला असेल?