रॉयल वर्लिंग्टन: नऊच होल, पण दोनदा खेळावेत असे

केंब्रिजहून गाडीने गेलात तर पाऊण तासाच्या आत इंग्लंडच्या सफोक परगण्यातलं मिल्डनहॉल येतं. त्याला लागूनच रॉयल वर्लिंग्टन अँड न्यूमार्केट हा १८९३ सालचा खासगी गोल्फ क्लब आहे. मैदान नेहमीच्या अठराऐवजी नऊच होलचं (होल म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून चेंडू घालायच्या भोकापर्यंतचा एकेक टप्पा). केंब्रिज विद्यापीठाचे खेळाडू वर्षानुवर्षं इथेच खेळत आलेत. जाणकार याला ‘सेक्रेड नाइन’, म्हणजे ‘पवित्र नऊ’, म्हणतात, आणि खेळून आल्यावर मला ते जराही अतिशयोक्त वाटत नाही.

सगळी किमया जमिनीची आहे. आसपास फेन्स या सखल, दलदलीच्या प्रदेशाची ओलसर, काळी माती, पण मैदानाखाली मात्र वाळू. पाणी साचत नाही, गवत आखूड आणि जमीन कडक राहते. त्यामुळे चेंडू पडला तिथे थांबत नाही, उतार बघून घरंगळतो. उंच मारून ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, थांबवायची सवय असलेल्यांनी इथे थोडा अलीकडे टप्पा पाडून चेंडू आत जाऊ द्यावा.

पाचवा होल बघायला तरी जाच. पार ३ (म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा), दीडशे यार्डांच्या आसपास, आणि एकही बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, नाही! ग्रीन लांबट, अरुंद, दोन्ही बाजूंनी खाली उतरणारं. टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, सोपं वाटतं. चेंडू जरा बाजूला गेला की तो खाली उतरतो, आणि तिथून हलक्या हाताने मारलेली चिप (जवळून मारलेला छोटा फटका) चढ न चढता पायाशी परत येते. जरा जोर लावला तर चेंडू ग्रीन ओलांडून पलीकडच्या उतारावर. वाळूचे खड्डे खणून होल अवघड करणाऱ्या आराखडाकारांनी इथे तासभर उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

बाकी ग्रीनही वेगवान आहेत. सुरुवातीला पटिंगचा (ग्रीनवर चेंडू घरंगळवत भोकात घालण्याचा) सराव करूनच टीवर जा.

क्लब खासगी आहे, तेव्हा आधी विचारून वेळ ठरवल्याशिवाय जाऊ नका. पाहुण्यांना शनिवार-रविवारपेक्षा मधल्या वारी वेळ मिळणं सोपं. इथे दोन चेंडूंचा खेळ चालतो: एकास एक, नाहीतर फोरसम, म्हणजे जोडीत एकच चेंडू आळीपाळीने मारायचा. चौघं असाल तर फोरसमच खेळा, खेळ भराभर पुढे सरकतो. एका फेरीवर समाधान मानू नका. पहिल्या फेरीत उतार कळतात, खरी मजा दुसरीत येते.

वाळूमुळे हिवाळ्यातही मैदान कोरडं असतं, पण डिसेंबरात चारच्या आतच सूर्य मावळतो. दोन्ही फेऱ्या करायच्या तर सकाळचीच वेळ मागून घ्या.