बेलिंडा आणि अ‍ॅराबेला

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायचं ठरलं, तेव्हा पहिल्या आठवल्या त्या आमच्या इंग्रजीच्या बाई. शनिवारची सकाळची शाळा सुटली की दहावीतल्या आम्हा काही जणांना थांबवून त्या पुस्तकाबाहेरच्या कविता वाचून दाखवत. अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीची ‘द रेप ऑफ द लॉक’ मी प्रथम ऐकली ती तिथेच.

नायिका बेलिंडा नटायला बसते तो भाग बाईंनी सावकाश वाचला. आरशापुढे पावडर, चेहऱ्यावर लावायच्या टिकल्या, प्रेमपत्रं, आणि त्याच पसाऱ्यात बायबल! “यात काय खटकतंय?” असं त्यांनी विचारलं आणि वर्ग हसला. पुढे पत्त्यांचा डाव रणांगणाच्या थाटात रंगतो, कॉफी येते आणि कात्रीने बेलिंडाच्या केसांची बट कापली जाते.

मग बाईंनी फळ्यावर नाव लिहिलं, अ‍ॅराबेला फर्मर. तिची बट लॉर्ड पीटर या तरुण उमरावाने खरोखरच कापली होती आणि त्यावरून दोन घराण्यांत वितुष्ट आलं होतं. दोन्ही घराणी कॅथलिक. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये कॅथलिकांना जमीनकर दुप्पट आणि विद्यापीठं बंद. त्यांना आपसातली भांडणं परवडणारी नव्हती. जॉन कॅरिल या स्नेह्याने पोपला गळ घातली, काहीतरी लिही, हसण्यावारी जाऊ दे. १७१२ साली दोन सर्गांची कविता छापून आली, १७१४ साली ती पाच सर्गांची झाली.

समेटासाठी लिहिलेल्या या कवितेने अ‍ॅराबेला मात्र दुखावली. नव्या आवृत्तीला पोपने तिच्या नावे पत्र जोडलं: सौंदर्य सोडलं तर बेलिंडात तुमचं काहीच नाही. मला ही समजूत फार तोकडी वाटते.

पीटरने दुसऱ्याच मुलीशी लग्न केलं आणि १७१३ साली तो देवीच्या रोगाने गेला. १७१७ साली पोपने कवितेत क्लॅरिसा या पात्राचं भाषण घातलं. नटण्यामुरडण्याने देवी टळत नाही, असं ती सांगते. तिथे मला दर वेळी पीटर आठवतो. अ‍ॅराबेला फ्रान्सिस पर्किन्सशी लग्न करून बर्कशायरमधल्या अफ्टन कोर्टमध्ये नांदली.

बाईंनी घरचा अभ्यास दिला, अ‍ॅराबेलाने पोपला लिहिलेलं उत्तर. पुस्तकात न सापडणारं उत्तर मी शाळेत प्रथमच लिहीत होते. मी लिहिलं, “कविता सुरेख आहे. पण केस माझे होते. ते कापणाऱ्याला तुम्ही काय सांगितलंत?”