एकाच क्लायंटवर कंपनी किती दिवस चालणार?
आज हिंजवडीत मित्राच्या कंपनीत गेलो होतो, छोटी टीम, सगळं काम एकाच परदेशी क्लायंटचं आणि त्याने बजेट निम्मं केलंय, पोरांचे चेहरे बघवत नव्हते. येताना आपल्या पुण्याचीच अँटीव्हायरसवाली कंपनी क्विक हील आठवत होती, तिचे संस्थापक कैलास काटकर आधी कॅल्क्युलेटर रिपेअर करायचे, मग कॉम्प्युटर, त्यातूनच अँटीव्हायरस आला, आणि विंडोजसोबत मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर अँटीव्हायरस फुकट मिळायला लागल्यावर नुसत्या घरगुती ग्राहकांवर कसं भागणार, तर त्यांच्याकडे कंपन्यांसाठी सेक्राइट नावाचा वेगळा सिक्युरिटी ब्रँड पण आहे. मित्राला म्हटलं तुमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर मॉड्यूल इथल्या छोट्या क्लिनिकना महिन्याच्या सबस्क्रिप्शनवर द्या, सपोर्टचे पैसे वेगळे घ्या. सोमवारी बसतोय आम्ही, कुणाच्या ओळखीत क्लिनिकवाले असतील तर प्लीज मेसेज करा.